चित्र बिघडले तरच खेळ रंगतो

घर माणसांनी भरले की दुपारच्या जेवणानंतर एक प्रश्न हमखास उभा राहतो. ताटे उचलली जातात, बडीशेप फिरते, कोणी लोडाला टेकून डोळे मिटू लागतो आणि धाकट्यांपैकी एखादा विचारतो, ‘‘आता काय करायचं?’’ या प्रश्नाची आपल्याकडे ठरलेली उत्तरे होती. पत्त्यांचा कॅट निघायचा, नाही तर गाण्यांच्या भेंड्या सुरू व्हायच्या. ती उत्तरे अजूनही वाईट नाहीत. पण जमणारी माणसे बदलली आहेत. मेंढीकोट चौघांचा, फार तर सहा जणांचा. बाकीच्यांनी मागे बसून चुका काढायच्या. भेंड्यांत आजीला येणारी गाणी नातवाने ऐकलेली नसतात आणि नातवाच्या गाण्यांना आजी गाणे म्हणायला तयार नसते. हातवारे करून सिनेमाचे नाव ओळखायच्या खेळाचीही तीच गत. चार पिढ्यांचे सिनेमे चार.

म्हणून अनेक घरांत आता चित्र काढून ओळखण्याचा खेळ येऊ लागला आहे. एकाने शब्द वाचायचा, न बोलता त्याचे चित्र काढायचे, दुसऱ्याने ओळखायचे. कल्पना इतकी साधी की ती कोणाला सुचली हे विचारावेसेही वाटत नाही. पण दुकानात किंवा फोनवर शोधायला गेले की याच एका कल्पनेचे दहा खेळ समोर येतात आणि मग ‘‘यातला चांगला कोणता?’’ असे एकमेकांना विचारले जाते. माझे मत असे की हा प्रश्न थोडा फिरवून विचारावा. खेळ मांडला की आपल्या घरातले कोण बाजूला बसणार, हे आधी पाहावे. ज्या खेळात कोणीही बाजूला बसत नाही, तो आपला. बाकी खोक्यावर काय लिहिले आहे आणि आत किती पत्ते आहेत, या गोष्टी नंतरच्या.

या जातीतला सर्वांत प्रसिद्ध खेळ म्हणजे ‘पिक्शनरी’. अमेरिकेत सिॲटल इथे वेटरचे काम करणाऱ्या रॉबर्ट एंजल नावाच्या तरुणाने तो तयार केला आणि १९८५ साली दोन भागीदारांसह बाजारात आणला. पहिले हजार संच त्यांनी घरातच हातांनी जुळवून भरले होते. पुढे खेळ जगभर पोहोचला आणि २००१ साली मॅटेल या खेळण्यांच्या मोठ्या कंपनीने तो विकत घेतला. खेळासाठी शब्द निवडायला एंजल शब्दकोश घेऊन बसला होता. त्याने टिपलेला पहिला शब्द होता ‘आर्डवार्क’. आर्डवार्क हा आफ्रिकेतला, मुंग्या-वाळवी खाणारा, डुकरासारख्या नाकाचा प्राणी. ज्या घरात कोणीही तो पाहिलेला नाही, तिथे त्याचे चित्र काढायचे कसे आणि ओळखायचे कसे? हा मुद्दा लक्षात ठेवा; त्याकडे पुन्हा यायचे आहे.

पिक्शनरीत दोन किंवा अधिक संघ असतात. संघातला एक जण चित्र काढतो, त्याच्या संघाने मिनिटभरात ओळखायचे. अक्षर नको, आकडा नको, बोलणे नको, हातवारे नकोत. प्रत्येकाने आळीपाळीने चित्र काढावे असा नियम आहे. पण नियम खोक्यात राहतात आणि माणसे घरात. प्रत्यक्षात काय होते? एका संघात एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षा दिलेली एखादी वहिनी असते. ‘‘तूच काढ, आपण जिंकू,’’ म्हणत पेन्सिल तिच्या हाती जाते. उरलेल्यांपैकी एखादे काका आपली पाळी आली की ‘‘मला नको, मला साधा आंबा काढता येत नाही,’’ असे म्हणून पाणी प्यायला उठतात. दहा डोळे आपल्या हाताकडे लागलेले असताना, घड्याळ चालू असताना, न येणारी गोष्ट करायला कोणाला आवडेल? मोठ्यांचे सोडा, ते उठून जाऊ शकतात. पण दहा-अकरा वर्षांचा मुलगा त्याच क्षणी मनाशी ठरवून टाकतो की चित्र हा आपला प्रांत नव्हे. शाळेच्या चित्रकलेच्या तासाने बऱ्याच जणांच्या बाबतीत ते काम आधीच केलेले असते; निदान सुटीत घरच्यांनी त्यावर शिक्का मारू नये.

गंमत अशी की या खेळात चांगले चित्र काढणारा जिंकतोच असे नाही. वहिनी झाडाला पाने काढत बसतात, पानांना छाया देतात, तोवर मिनिट संपते. पलीकडचा शाळकरी पोरगा एक उभी रेघ आणि वर एक ढग काढून मोकळा होतो आणि त्याचा संघ ‘‘झाड!’’ म्हणून ओरडतो. इथे चित्र नको, खूण हवी. आणि खूण लागते ती काढणाऱ्याच्या कौशल्याने थोडी, आणि दोघांनी मिळून जगलेल्या आयुष्याने जास्त. ‘मुंबई’ हा शब्द आला तर कोणी गेटवे ऑफ इंडियाच्या कमानी काढत बसेल. पण एक चौकोनी दार आणि त्यातून बाहेर लोंबकळणारी तीन माणसे काढली की लोकलने गेलेला माणूस तीन सेकंदांत ओळखतो. लोकल कधी न पाहिलेल्याला मात्र ती वाळत घातलेली कपडे वाटतील.

खुणांची ही भाषा आपल्याला परकी नाही. वारली चित्रांतला माणूस पाहा. टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण, वर डोक्याचा गोल, हातापायांच्या चार काड्या. एवढ्यावर तो नाचतो, पेरणी करतो, लग्नाला जातो. कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढलेल्या या चित्रांत नाक-डोळे नसतात आणि तरी कोण काय करतो आहे हे लांबून कळते. दुसरे उदाहरण तर आपल्या दारातलेच आहे. चैत्र महिन्यात अंगणात काढतात ते चैत्रांगण. त्यात सूर्य, चंद्र, शंख, चक्र, गोपद्मे, पाळण्यातली गौर, तुळशीवृंदावन, पालखी, हत्ती, मोर, कासव, साप, फणी, आरसा अशा किती तरी गोष्टी चार-चार रेघांत येतात. ‘‘मला बाई चित्र येत नाही,’’ असे म्हणून कोपऱ्यात बसणाऱ्या आजीने ही चित्रे साठ वर्षे चिमटीतून सोडलेल्या रांगोळीने, खोडरबराशिवाय काढलेली असतात. तिला चित्र येत नाही असे नव्हे. आपण ज्याला चित्र म्हणतो त्यात तिची चित्रे आपण धरत नाही, एवढेच.

आता दुसऱ्या प्रकाराकडे वळू. लहानपणी आपण कानगोष्टी खेळलो आहोत. एकाने दुसऱ्याच्या कानात काही सांगायचे, त्याने तिसऱ्याच्या, आणि शेवटचा जे मोठ्याने सांगतो ते ऐकून सगळ्यांची हसून मुरकुंडी वळायची. याच कानगोष्टी चित्रांतून खेळायच्या. कागदावर हा खेळ लोक बऱ्याच काळापासून खेळत आले आहेत. २००९ साली अमेरिकेत तो ‘टेलिस्ट्रेशन्स’ या नावाने, पुसता येतील अशा छोट्या वह्या घालून विकायला आला. प्रत्येकाकडे एक वही. पहिल्या पानावर शब्द. पुढच्या पानावर त्याचे चित्र. वही शेजारी जाते. शेजारी फक्त चित्र पाहतो आणि काय वाटले ते लिहितो. त्याच्या पुढचा फक्त ते लिहिलेले वाचतो आणि चित्र काढतो. फिरत फिरत वही मूळ मालकाकडे परत येते आणि मग एकेक पान उलटून सगळ्यांना दाखवायचे.

आमच्या घरी मे महिन्यात चौदा माणसे होती तेव्हा हा प्रकार पाठकोऱ्या कागदांवर खेळलो. एका चिठ्ठीवर ‘सत्यनारायण’ असे होते. काढणाऱ्याने चौरंगाच्या चार बाजूंना केळीचे खुंट काढले आणि समोर बसलेला माणूस. पुढच्याने लिहिले, ‘केळीवाला’. त्यापुढच्याने हातगाडी काढली, तिच्यावर केळ्यांचे घड. ते घड इतके आडवे झाले की पुढच्याने लिहिले, ‘गाडीवर झोपलेला माणूस’. त्यावरून चाके असलेली खाट निघाली आणि सत्यनारायण शेवटी ‘ॲम्ब्युलन्स’ होऊन परत आला. नारायणराव पेशव्यांच्या १७७३ सालच्या खुनाची जी कथा आपण ऐकत आलो, तिने मराठीला ‘ध’चा ‘मा’ करणे हा वाक्प्रचार दिला. तिथे त्याने जीव गेला असे सांगतात. इथे त्यानेच खेळात जीव येतो.

या खेळाची खरी खुबी त्याच्या रचनेत आहे. एक, सगळे एकाच वेळी काढत असतात. त्यामुळे तुमच्या हाताकडे पाहायला कोणाला सवड नसते. दोन, पाळीची वाट पाहत कोणी बसत नाही. तीन, आणि हे महत्त्वाचे, इथे वाईट चित्र हे भांडवल आहे. सगळ्यांनी उत्तम चित्रे काढली तर ‘सत्यनारायण’ हा ‘सत्यनारायण’च राहील आणि पाने उलटताना कोणी हसणार नाही. ज्या काकांना आंबा येत नाही, त्यांच्या आंब्यावाचून इथे अडते. पिक्शनरीत जो माणूस संघाला ओझे वाटतो, तोच इथे दुपारचा नायक ठरतो. शिवाय हसू येते ते कोणा एकाला उद्देशून येत नाही. सहा जणांनी मिळून घातलेला तो घोळ असतो.

एक बारीक हिशेब मात्र सांभाळावा. वहीचा शेवट लिहिलेल्या शब्दाने व्हायला हवा, चित्राने नव्हे. खेळणारे सम संख्येत असतील तर प्रत्येकाने आपल्या शब्दाचे पहिले चित्र स्वतःच काढावे. विषम असतील तर शब्द लिहून कागद शेजाऱ्याला द्यावा आणि पहिले चित्र त्याने काढावे. माणसे आठांहून जास्त असतील तर दोन घोळके करावेत. लांबलचक फेरीत लहान मुले कंटाळतात.

तिसरा एक खेळ जपानमधला आहे. टोकियोच्या ओइंक गेम्सने २०१२ साली काढलेल्या या खेळाच्या नावाचा अर्थ साधारण ‘तोतया चित्रकार न्यूयॉर्कला जातो’ असा होतो. पाच ते दहा माणसांनी मिळून एकच चित्र काढायचे. प्रत्येकाने पेन्सिल न उचलता एकच रेघ ओढायची, अशा दोन फेऱ्या. सगळ्यांना शब्द ठाऊक असतो, फक्त एकाला नसतो, आणि तो एक कोण हे इतरांना माहीत नसते. तो तोतया इतरांच्या रेघा पाहून अंदाजाने आपली रेघ ओढतो. शेवटी सगळ्यांनी त्याला ओळखायचे. पकडला गेला तरी शब्द अचूक सांगितला तर बाजी त्याचीच. चित्राची भीती असणाऱ्यांना हा खेळ मानवतो, कारण एका रेघेने कोणाची अब्रू जात नाही. पण सात-आठ वर्षांच्या मुलांना तोंडावर काही दिसू न देणे जमत नाही. तोतयेपण हाती आले की ती आधीच हसू लागतात. तेव्हा हा खेळ थोड्या मोठ्यांचा. चेहऱ्यावरची सुरकुती न हलवता पत्ते खेळलेले आजोबा यात भल्याभल्यांना हरवतात.

मग फोनवरचे खेळ. एकमेकांच्या चित्रांवर खोटी नावे सुचवायला लावणारा ‘ड्रॉफुल’ २०१४ साली आला. ‘स्क्रिबल’ आणि ‘गार्टिक फोन’ हे करोनाच्या काळात घराघरांत पोहोचले. परदेशी असलेल्या माणसांना खेळात घेण्यासाठी त्यांच्यासारखे साधन नाही. बहीण पुण्यात, तिचा नातू न्यू जर्सीत. दोघांना एका चित्रावर आणणारी वस्तू मी टाकाऊ म्हणणार नाही. पण सगळी माणसे एकाच सतरंजीवर बसलेली असताना फोन काढू नयेत असे मला वाटते. प्रत्येकाची मान आपापल्या हातात वाकते. बोटाने काढलेले चित्र सगळ्यांचे सारखेच वाकडे येते आणि शेजाऱ्याच्या कागदात डोकावण्याची मजाही जाते. शिवाय ज्यांच्याकडे साधा फोन आहे, ती माणसे, म्हणजे बहुधा घरातली सर्वांत वडील माणसे, आपोआप बाहेर पडतात. बाजूला कोण बसणार, या कसोटीवर फोन तिथे नापास होतो.

आता त्या आर्डवार्ककडे येऊ. खेळ कोणताही घ्या, आपल्या घरांत तो अडतो तो शब्दांपाशी. विकत मिळणाऱ्या बहुतेक संचांतले पत्ते इंग्रजीत असतात आणि त्यांतले जग इंग्रजी बोलणाऱ्या घरांचे असते. आजीला पत्ता वाचता येत नाही. कोणी वाचून अर्थ सांगितला तरी ती वस्तू तिने पाहिलेली नसते. मग ‘‘आजी, तू नुसती बघ हं,’’ असे म्हटले जाते. हे वाक्य प्रेमाने म्हटलेले असते, तरी त्याचा अर्थ ‘तू बाहेर’ असाच असतो. उलट केवळ मराठी चिठ्ठ्या केल्या तर इंग्रजी शाळेत जाणारी आणि परदेशातून आलेली मुले देवनागरी वाचताना अडखळतात आणि हिरमुसतात. चित्राला लिपी नसते म्हणून आपण हा खेळ निवडायचा, आणि चिठ्ठीच्या लिपीवर तो अडू द्यायचा, याला काय म्हणावे?

यावर उपाय सोपा आहे आणि त्याला पैसे पडत नाहीत. पत्ते बाजूला ठेवा आणि चिठ्ठ्या घरीच करा. प्रत्येकाने पाच शब्द लिहायचे. चिठ्ठीच्या एका बाजूला देवनागरीत, दुसऱ्या बाजूला रोमन अक्षरांत. अट एकच, तो शब्द खोलीतल्या निदान तिघांना ठाऊक असावा. आणि दुसरी एक सवलत ठेवा: आलेला शब्द कळला नाही, तर तो लिहिणाऱ्याला गुपचूप कानात विचारता येईल.

ही सवलत खेळाला कुठे नेते ते पाहण्यासारखे आहे. आजीच्या चिठ्ठ्यांत उखळ येते, जाते येते, घंगाळ येते, पाणी तापवायचा बंब येतो, फणीकरंडा येतो. नातवंडांच्या चिठ्ठ्यांत चार्जर, वाय-फाय, सेल्फी, पासवर्ड. ‘घंगाळ’ची चिठ्ठी तेरा वर्षांच्या मुलीला येते आणि ती आजीच्या कानाशी लागते, ‘‘आजी, घंगाळ म्हणजे गं काय?’’ आजी तिला सांगते आणि बोटाने हवेत आकार काढून दाखवते. पुढच्या डावात आजीला ‘वाय-फाय’ येतो आणि ती त्याच मुलीला हाक मारते, ‘‘अगं, हे तुमचं कसं दाखवायचं?’’ एरवी दिवसभर जी दोन माणसे ‘‘जेवलीस का?’’ आणि ‘‘हो’’ यापलीकडे बोलली नसती, ती एकमेकींना आपापले जग समजावून देत असतात. आणि इथे शिकवणारे कोण, शिकणारे कोण, हे दर डावाला बदलते. मराठी टिकवण्याबद्दल आपण सभांतून पुष्कळ बोलतो. एका दुपारी एका मुलीच्या हातून एक घंगाळ काढून घेतले, तर त्या शब्दाला आणखी पन्नास वर्षांचे आयुष्य मिळते, असे मला वाटते.

यंत्रांनाही आता चित्रे ओळखता येतात. गुगलने २०१६ साली ‘क्विक, ड्रॉ’ नावाचा खेळ काढला. तुम्ही काढायचे आणि वीस सेकंदांत संगणकाने ओळखायचे. जगभरच्या लोकांनी त्यात काढलेली ५ कोटी चित्रे, ३४५ प्रकारांत लावून, गुगलने अभ्यासासाठी खुली केली. मांजर, सायकल, छत्री हे सगळे ते यंत्र पटकन ओळखते. पण तीन वाकड्या पायऱ्या आणि त्यांवर पडलेले एक भांडे काढले, तर ‘‘आपल्या जुन्या घराचा जिना, मावशी दूध घेऊन पडली तो!’’ असे फक्त आमच्या घरातली माणसेच ओरडू शकतात. त्या ओरडण्यासाठीच तर माणसे जमवायची.

दोन आक्षेप मला ऐकवले जातात. पहिला, हारजीत नसेल तर खेळाला चव कसली? ज्यांना ती हवी त्यांनी गुण जरूर मांडावेत. वीस-बावीस वर्षांची पंधरा मुले जमली असतील आणि अर्धाच तास हाताशी असेल, तर दोन संघ करून सरळ पिक्शनरी खेळावी. तिथला आरडाओरडा त्या वयाला शोभतो. पण सहा ते ऐंशी वयाची माणसे एकत्र असतील तेव्हा गुणांची वही बंद बरी. दुसरा आक्षेप, हे सगळे परदेशी खेळ आपण का उचलायचे? खेळांना पासपोर्ट लागत नाही. आपल्या पचिसीवरून बेतलेल्या लुडोची नोंदणी इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस झाली आणि तोच लुडो आपण पुन्हा आपला म्हणून खेळलो. खेळ कुठून आला यापेक्षा त्यात शब्द कोणाचे आहेत, हे मला महत्त्वाचे वाटते.

तेव्हा या दिवाळीत किंवा मेच्या सुटीत खोका घ्यायचा की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे. पाठकोरे कागद, बोथट पेन्सिली, सेकंदकाटा असलेले घड्याळ आणि चिठ्ठ्यांसाठी एक वाडगे एवढ्यावर काम भागते. खोडरबर मात्र ठेवू नका; त्याने चित्र सुधारते आणि खेळ बिघडतो. आणि निवड करायला बसाल तेव्हा हौशी मंडळींना विचारू नका, ती काहीही खेळतील. घरात ज्या माणसाला आपण नेहमी ‘‘तुम्ही बसा, आम्ही खेळतो,’’ असे म्हणतो, त्या माणसापासून सुरुवात करा. त्याला जो खेळ खेळता येईल तोच घ्या, आणि पहिली चिठ्ठी त्याच्या हातची असू द्या.